वाचकांचे प्रश्न : बिलावरचा कर, पगारातला कर

गेल्या अंकात मी सहज लिहिलं होतं की मुंबईत विकल्या जाणाऱ्या मालावर आज महापालिकेचा स्वतःचा एक पैसाही कर नाही. त्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, मी लालबाग-परळमधल्या छोट्या दुकानांच्या वह्या पस्तीस वर्षं लिहिल्या. आधी विक्रीकर, २००५ पासून व्हॅट, २०१७ पासून जीएसटी. माझगावच्या विक्रीकर भवनात किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. दोन-चार जुन्या दुकानांचं काम अजूनही पाहते. खाली आधी वाचकाचा प्रश्न आहे, मग माझं उत्तर.

आम्ही साताऱ्याचे. मुलीच्या नोकरीमुळे कांदिवलीला राहायला आलो. रविवारी चौघं हॉटेलात जेवलो. जेवण १,६०० रुपयांचं आणि बिल १,८४८ रुपयांचं. मुंबईत खाण्यावर जास्त कर आहे का?

दादा, बिलाचा फोटो पाठवलात हे फार चांगलं केलंत. आपण ते वरून खाली वाचू.

जेवणाचे १,६०० रुपये. त्याखाली बारीक अक्षरात ‘एस. चार्ज १० टक्के’, म्हणजे १६०. बेरीज १,७६०. त्यावर सीजीएसटी अडीच टक्के, ४४ रुपये. एसजीएसटी अडीच टक्के, आणखी ४४. झाले १,८४८.

यातला कर फक्त ८८ रुपये आहे. निम्मा केंद्राचा, निम्मा महाराष्ट्र सरकारचा. साध्या उपाहारगृहाला सगळीकडे हाच ५ टक्के दर आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर जेवला असतात तरी तेवढाच लागला असता. ते १६० रुपये मात्र कर नव्हेत. ते सेवा शुल्क. त्यातला रुपयाही सरकारजमा होत नाही, हॉटेलमालकाकडे राहतो. वर त्या १६० वर पुन्हा ८ रुपये जीएसटी तुम्ही भरलात. म्हणजे १,६८० च्या जागी १,८४८. थेट १६८ रुपये जास्त.

सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. तेव्हा पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, ‘सेवा शुल्क काढून बिल परत काढा.’ नाहीच ऐकलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वाढणाऱ्या पोराला वीस-पन्नास रुपये द्यावेसे वाटले तर त्याच्या हातात द्या. ते त्याच्यापर्यंत पोचतात.

आणखी एक बघायची सवय लावा. जीएसटी लावलेल्या बिलावर पंधरा अक्षरी नोंदणी क्रमांक असलाच पाहिजे. आपल्या राज्यातल्या दुकानाचा असेल तर तो २७ नं सुरू होतो, पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. क्रमांक नाही आणि जीएसटी मात्र लावलाय, असं बिल असेल तर पैसे देण्याआधी विचारा. काही छोटी हॉटेलं आपसमेळ योजनेत असतात. ती आपल्या उलाढालीवर कर स्वतःच्या खिशातून भरतात, गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेण्याचा त्यांना अधिकारच नाही. तसं बिलावर छापणंही त्यांना बंधनकारक आहे.

गाव बदललं म्हणून खर्च बदलतो तो घर घेताना. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के, त्यातला १ टक्का मेट्रोसाठीचा अधिभार. उद्या घर घ्यायचं ठरलं तर मुलीच्या नावावर घ्या. बाईच्या नावावरच्या घराला १ टक्का सवलत आहे.

मी डोंबिवलीहून अंधेरीला एका कपड्यांच्या कारखान्याच्या ऑफिसात जाते. पगार २२,००० रुपये. ऑगस्ट २०२४ पासून दर महिन्याला ‘पी. टी.’ म्हणून २०० रुपये कापतात, फेब्रुवारीत ३०० कापले. अकाउंटवाले म्हणतात, सगळ्यांचेच कापतात. हे बरोबर आहे का?

नाही ताई, बरोबर नाही. ‘पी. टी.’ म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. तुमचा एक रुपयाही कापायला नको होता.

१ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बाईला व्यवसाय कर नाही. आधी ही मर्यादा १०,००० होती. पुरुषांची मर्यादा वेगळी आहे. त्यांना ७,५०० च्या वर १७५ आणि १०,००० च्या वर २०० रुपये द्यावे लागतात. म्हणून तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या भावाचे २०० कापले जातात ते योग्य, तुमचे अयोग्य. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम धरून तुमचा पगार २५,००० च्या वर गेला, तर त्या महिन्याचे कापतील, तेवढ्याच महिन्याचे.

हे कसं होतं तेही सांगते. मी ज्यांचं काम पाहते त्यांच्यातल्याच एकाकडे २०२३ च्या दिवाळीपर्यंत बायकांचे पैसे कापले जात होते. मालक वाईट नव्हता. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्त्री-पुरुष हा रकानाच कुणी भरला नव्हता, आणि रकाना रिकामा असला की यंत्र सगळ्यांना पुरुष धरत होतं. सात महिने सहा बायकांच्या पगारातून दोनशे-दोनशे गेले, आणि एकीनंही विचारलं नाही, कारण स्लिपवर ‘टॅक्स’ लिहिलं होतं. टॅक्स लिहिलेलं असलं की आपण मान खाली घालतो. तुम्ही विचारलंत.

आता करायचं काय? मालकाच्या नावानं साधा अर्ज लिहा. महिना, पगार, कापलेली रक्कम, आणि खाली ‘१ एप्रिल २०२३ पासूनच्या सवलतीप्रमाणे कपात थांबवून आतापर्यंतची रक्कम परत मिळावी’ असं वाक्य. एक प्रत स्वतःकडे, तिच्यावर पोच घ्या. पैसे सरकारात भरले असतील तर चूक त्यांच्या विवरणपत्रात आहे, ती निस्तरणं त्यांचं काम, तुमचं नाही. कापून भरलेच नसतील, तर ते तुमचेच पैसे त्यांच्याकडे पडून आहेत. वर्षाचे २,५०० होतात, म्हणजे थोडे नाहीत. आणि खाली मशीनवर बसणाऱ्या बायकांच्या स्लिपाही एकदा बघा.

फेब्रुवारीत ३०० का, हेही तुम्ही विचारलंय. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं व्यवसाय कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. अकरा महिने २०० म्हणजे २,२००, उरले ३००. मर्यादा नेमकी गाठायला फेब्रुवारी कामी येतो. पासष्टीच्या पुढच्यांना हा कर नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांनाही नाही.

पण ताई, हा कर आला कुठून ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझी आत्या माण तालुक्यात दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. दिवसभर हातोडा, दुपारी सुकडी, घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. तिच्या तळहाताला पडलेले घट्टे मी लहानपणी बोटानं चाचपून बघायचे. मागेल त्याला काम द्यायचं ही रोजगार हमीची कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्रानं व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं, तेवढीच भर सरकारनं घालायची, आणि त्यातून गावाकडं पाझर तलाव, बांध, रस्ते यांवर माणसाला मजुरी मिळायची. फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून निघालेला रुपया म्हसवडच्या बाईच्या हातात पडायचा. या कराबद्दल मला आदर आहे तो यासाठी. आणि म्हणूनच ज्या बाईला कायद्यानं सोडलंय तिच्याकडून तो घेतला गेला की माझा जीव तुटतो.

वाण्याकडे तांदळाच्या ५ किलोच्या पाकिटावर कर लागतो, ३० किलोच्या पोत्यावर लागत नाही, सुट्यावरही नाही. वाणी फसवतोय का? (विरारहून)

नाही, वाणी बरोबर आहे. १८ जुलै २०२२ पासून छापील वेष्टनातल्या धान्यावर, डाळींवर, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे, पण २५ किलोपर्यंतच्या पाकिटावरच. त्याहून मोठं पोतं आणि तागडीवर मोजून दिलेला सुटा माल त्यात येत नाही. बाजारात २६ किलोची पोती दिसायला लागली ती याचमुळे. तुमच्या चाळीत चार घरं मिळून एक पोतं आणून वाटून घेता येईल. आणि पाकिटावरच्या छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर कुणी ‘प्लस जीएसटी’ म्हणालं तर देऊ नका.

भांडुपला आमची चाळ पाडून इमारत झाली. चाळीतल्या घराला घरपट्टी माफ होती. नवं घर ५२७ चौरस फूट, आणि आता पूर्ण बिल आलंय. फक्त वरच्या २७ फुटांवर यायला नको का? खाली भावाचा १८० फुटांचा गाळा आहे, त्यालाही माफी नाही.

भाऊ, तुमचा प्रश्न न्यायाचा आहे, पण नियम तसा नाही. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ आहे. त्याआधी, २०१९ पासून, फक्त सर्वसाधारण कर माफ होता, बाकीचं बिल यायचं. घर ५०१ फूट झालं की माफी संपली, आणि बिल अख्ख्या घराचं. इन्कम टॅक्ससारखे टप्पे इथं नाहीत. गाळा कितीही लहान असला तरी माफी राहत्या घरालाच.

मला स्वतःला ही रीत पटत नाही. पहिले ५०० फूट सगळ्यांनाच माफ ठेवून वरच्या फुटांवर कर घेतला असता तर पुनर्विकासात पंचवीस-तीस फूट जास्त मिळालेल्या गिरणी कामगाराच्या घराला एकदम हिसका बसला नसता. तुमच्यासारखी माणसं मला लालबागेतही रोज भेटतात.

तरी बिल भरण्याआधी एक कराच. करारनाम्यातला चटई क्षेत्राचा आकडा आणि महापालिकेच्या बिलावरचा आकडा शेजारी-शेजारी ठेवा. बिल चौरस मीटरमध्ये असतं. ५०० फूट म्हणजे ४६.४५ मीटर, तुमचे ५२७ म्हणजे साधारण ४८.९६. बिलावर पन्नासच्या वर काही दिसलं तर विभाग कार्यालयातल्या करनिर्धारण व संकलन खात्यात लेखी हरकत द्या, सोबत करारनाम्याचं ते पान जोडा. तोंडी सांगून काही होत नाही.

आणि इतकी रक्कम कशी झाली? २०१० पूर्वी घरपट्टी भाड्याच्या अंदाजावर असायची. १ एप्रिल २०१० पासून ती भांडवली मूल्यावर आली. रेडीरेकनरचा (म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेला) दर, गुणिले क्षेत्रफळ, मग इमारतीचा प्रकार, वय, वापर यांचे गुणक. चाळ जुनी होती, इमारत नवी आहे, वयाची सूट गेली. बिलाच्या मागच्या बाजूला बघा, ‘मालमत्ता कर’ हा एकच कर नसतो. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथकर अशी सगळी भावंडं एकत्र येतात. यातला राज्याचा शिक्षण उपकर पालिका फक्त गोळा करते आणि राज्याला देते.

मी मुलुंडचा, वय ७८. चेकनाक्यावर मध्यरात्री ट्रकच्या रांगा बघत मोठा झालो. जकात गेली तेव्हा वाटलं, माल स्वस्त होईल. झाला का?

काका, तुमच्या पत्रानं मला वडिलांची आठवण आली. (नव्या वाचकांसाठी : जकात म्हणजे शहरात शिरणाऱ्या मालावर महापालिका नाक्यावरच घ्यायची तो कर.) त्यांचं लालबागला भांड्यांचं छोटं दुकान होतं. पितळेचा माल नाशिकहून यायचा. लग्नसराईच्या तोंडावर ट्रक मुलुंड नाक्यावर अडकला की वडील रात्री दहाला शर्ट घालून निघायचे. बीजकाच्या तीन प्रती, एक पोळी-भाजीचा डबा. सकाळी सातला ट्रकबरोबरच परत यायचे. कागदात वजन आणि नग जुळले नाहीत की दिवस गेला. हंडे उतरवताना मी किमतीच्या चिठ्ठ्या लावायचे, आणि वडील त्या प्रत्येक हंड्याच्या किमतीत जकातीचे पैसे पेन्सिलीनं मिळवायचे. गिऱ्हाइकाला ते कधीच दिसले नाहीत. जकातीचं हेच होतं, ती बिलावर नसायची, किमतीत असायची.

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईची जकात बंद झाली. मुलुंड, दहिसर, ऐरोली, मानखुर्द, सगळे नाके शांत झाले. बाकीच्या महापालिकांत जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला होता, तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी ऑगस्ट २०१५ लाच गेला होता. मुंबईत एलबीटी कधी आलाच नाही, इथं शेवटपर्यंत जकातच होती.

माल स्वस्त झाला का? वाहतुकीचा वेळ वाचला, हे नक्की. नाक्यावर बारा तास उभा राहणारा ड्रायव्हर आता त्याच दिवसात दुसरी खेप करतो. पण जकातीचे पैसे आधी वेगळे छापलेलेच नव्हते, त्यामुळे ते कमी झाले की नाही हे गिऱ्हाइकाला विचारता आलं नाही. ज्या दुकानदारानं किंमत उतरवली त्यानं उतरवली. मी ज्यांच्या वह्या लिहायचे त्यांतल्या बहुतेकांनी जुनीच किंमत ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

महापालिकेचं मात्र मोठं काही गेलं. जकात हे तिचं सगळ्यात मोठं उत्पन्न होतं, शेवटच्या वर्षी सात हजार कोटींच्या घरात. तो पैसा रोज रात्री नाक्यावर तिच्या स्वतःच्या हातात पडायचा. आता २०१७ च्या कायद्याप्रमाणे राज्य सरकार दर महिन्याला तिला भरपाई देतं, दर वर्षी ८ टक्के वाढवून. म्हणजे दादरला घेतलेल्या मिक्सरवरचा एसजीएसटी आधी राज्याच्या तिजोरीत जातो, आणि तिथून त्यातला काही भाग चेकनं आपल्या रस्त्यांसाठी, नायर-केईएम रुग्णालयांसाठी परत येतो. गेल्या अंकात ‘महापालिकेचा एक पैसाही नाही’ म्हटलं ते या अर्थानं. शहर आपल्या खर्चासाठी मंत्रालयाकडे बघत बसतं, हे मला बरं वाटत नाही. नाका जायलाच हवा होता, पण शहराच्या हाताशी स्वतःचं काहीतरी राहायला हवं होतं.

ठाण्याला घरी पापड आणि लोणची करून विकते. वर्षाला सहा-सात लाखांची विक्री. बंगळुरूहून एकीनं पन्नास बरण्या मागवल्यात. जीएसटी नंबर लागेल का?

थांबा, पार्सल पाठवण्याआधी हे वाचा. मालाच्या व्यवहाराला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, म्हणून ठाणे-मुंबईत तुम्ही निर्धास्त विका. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर पहिल्या बरणीपासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. लोणचं करपात्र आहे. पापडावर जीएसटी नाही. तेव्हा बंगळुरूला पापड खुशाल पाठवा, लोणच्यासाठी आधी नोंदणी करा, किंवा त्या बाईंचं कुणी मुंबईत असेल तर त्यांना इथंच विका. ऑनलाइन दुकानांवरून राज्यातल्या राज्यात विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्यांना पूर्ण नोंदणीची सक्ती नाही, पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक घेतला की चालतं. मी ओळखते अशा दोघींनी असंच अजाणता पार्सल पाठवलं आणि नंतर नोटिशीला उत्तर लिहायला माझ्याकडे आल्या. तुम्ही आधी आलात.

शिवाजी मंदिरच्या नाटकाचं ५०० रुपयांचं तिकीट ऑनलाइन काढलं, ५३५ रुपये ४० पैसे गेले. मराठी नाटकावर कर आहे का?

५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, भाषा कुठलीही असो. ३० रुपये बुकिंगवाल्यांची फी, त्यावर १८ टक्क्यांनी ५ रुपये ४० पैसे. प्लाझासमोरून, म्हणजे नाट्यगृहावरून, जात असाल तर खिडकीवरच काढा, पाचशेतच मिळेल.